ताम्हणातली किल्ली

देवघरातल्या ताम्हणात काहीतरी टणकन वाजलं आणि मोनालीच्या हातातला अर्धा तास फुटला.

असे अर्धे तास तिला दिवसातून दोनच मिळत. एक सकाळी, हितेंद्र एमआयडीसीत कामावर गेला आणि चार वर्षांची भूमिका बाहुलीला न्हाऊ घालण्यात गुंतली की. दुसरा दुपारी, भूमिकाच्या झोपेतला. धुणं भिजत घालून, भाजीची पिशवी न सोडता तशीच ओट्यावर ठेवून मोनाली लॅपटॉपपुढे बसे. आज बसूनही ती काही करत नव्हती. काल आलेलं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू पाचव्यांदा वाचल्यावर ते बदलणार होतं.

"भूमी, काय पाडलंस?"

मोनाली उठून आत गेली. भूमिका देवापुढे मांडी घालून, हात जोडून, एक डोळा उघडा ठेवून बसली होती. ताम्हणात स्कूटरची किल्ली पडली होती.

"देवाला चाबी दिली," भूमिका म्हणाली. "आज गाडीला सुट्टी."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"नानांनी. आखाजीला, व्हिडिओवर. नानांनी अशीच चाबी टाकली, टण्ण. मग म्हणाले, आज मोटारीले सुट्टी." एवढं बोलून तिने डोळे नीट मिटले. "तू माझ्या पाठीला औषध लावत होतीस. तुला दिसलं नाही."

मोनालीचा हात कोरडा होता, तरी तिने तो ओढणीला पुसला. मग खाली बसली. तिथेच, देवघराच्या उंबऱ्यात.

आता ही मोटार कुठली, आणि तिच्या सुट्टीचं ऐकून एका शिकल्यासवरल्या बाईने उंबऱ्यातच का बसावं, हे आधी सांगायला हवं.

आभाळातून अधूनमधून रेडिओलहरींची एक ठिणगी येते. सेकंदाचा हजारावा हिस्सा टिकते आणि संपते. तेवढ्यात ती जी ताकद ओतते, ती ओतायला आपल्या सूर्याला कित्येक दिवस लागतील. बहुतेक ठिणग्या फार दूरच्या दीर्घिकांतून येतात, आणि त्या कोण टाकतं हे अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. संशय आहे तो मेलेल्या ताऱ्यांवर. मोठा तारा जळून संपला की एखाद्या शहराएवढा गोळा मागे उरतो; त्यातल्या काहींचं चुंबकत्व असं अफाट की कल्पनाही थकते. काही वर्षांपूर्वी आपल्याच आकाशगंगेतल्या अशा एका गोळ्याने तशीच ठिणगी टाकली, तेव्हा संशय बळावला. पण एकदा घडलेल्या गोष्टीला योगायोग म्हणता येतं. दुसरा सापडायला हवा होता.

तो शोधायचं वेड धुळ्यात प्रेमराज सरांना होतं. सर कॉलेजात फिजिक्स शिकवत, आणि मोनाली त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती, म्हणजे लग्नाआधी करत होती, बाळंतपणात थांबली होती आणि आता अर्ध्या अर्ध्या तासांनी पुन्हा करत होती. सरांनी पत्र्याचे तीन भोंगे बनवून घेतले होते. बादलीपेक्षा थोडे मोठे, तोंड आभाळाकडे. मोठाल्या दुर्बिणी एका वेळी आभाळाचा तिळाएवढा तुकडा बघतात, पण फार बारकाईने. भोंग्याला बारकाई नाही. मात्र अख्ख्या आभाळात कुठेही मोठ्याने काही झालं तर त्याला ऐकू येतं. एक भोंगा धुळ्यात कॉलेजच्या गच्चीवर होता, दुसरा चाळीसगावला एका शाळेच्या गच्चीवर, आणि तिसरा पहूरला, मोनालीच्या माहेरी, तिच्या वडिलांच्या म्हणजे नानांच्या मळ्यात, विहिरीजवळच्या खोलीवर.

"लोकांच्या पोरी माहेराहून वानवळा नेतात," मोनालीची आई, लताबाई, आल्यागेल्याला सांगायची. "आमची माहेरी भोंगा ठेवून गेली."

मळ्यातल्या भोंग्याला एकच त्रास होता. मोटारींचा. शेतीची थ्री फेज वीज आली की आजूबाजूच्या विहिरींवरचे स्टार्टर खाडखाड पडत, मोटारी घुरघुरत, आणि भोंग्याच्या कानात नुसता कल्लोळ. म्हणून मोनालीने स्वतः नियम लिहिला होता: वीज कंपनीच्या फीडरच्या वेळापत्रकात पहूरला थ्री फेज असेल तेवढ्या वेळाची नोंद कॉम्प्युटरने तपासायचीच नाही, कोरी समजायची. वेळापत्रकाचा कागद तिने समोर ठेवला होता. सोमवारपासून बुधवारपर्यंत दिवसपाळी, साडेनऊ ते साडेपाच. शेतकऱ्याच्या पोरीने केलेला नियम म्हणून सरांनी तो डोळे झाकून मान्य केला होता.

आणि आखाजीच्या सणाला, बुधवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी, ठिणगी आली.

धुळ्याच्या भोंग्याने ती ऐकली. चाळीसगावच्याने ऐकली. त्याच सुमारास एका उपग्रहाला क्ष-किरणांचा झोत दिसला होता, आपल्याच आकाशगंगेतल्या एका मेलेल्या ताऱ्याच्या बाजूने. मोठ्या दुर्बिणींची तोंडं तेव्हा भलतीकडे होती. जगात ती ठिणगी ऐकणारे दोनच होते, दोन्ही पत्र्याचे, दोन्ही खानदेशातले. सरांनी लगेच सगळं लिहून पाठवलं. त्यावर काल पत्र आलं होतं, परदेशातल्या जाणकारांचं, अगदी सभ्य भाषेत. दोन ठिकाणच्या वेळांतल्या फरकावरून आभाळात फक्त एक रेघ मिळते, त्यांनी लिहिलं होतं. ती रेघ तुमच्या ताऱ्यावरून जाते हे खरं, पण इतरही शंभर गोष्टींवरून जाते. धुळे शहर गोंगाटाचं, चाळीसगाव रेल्वेच्या तारांजवळ. तिसऱ्या ठिकाणची नोंद असती तर रेघेचा ठिपका झाला असता. ती नसल्याने या घटनेची नोंद 'शक्यता' अशीच करावी लागेल.

तिसऱ्या ठिकाणी त्या वेळी दिवसपाळी होती. नोंद कोरी.

सरांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "शक्यता तर शक्यता. जूनमध्ये भोंगे उतरवायचेच आहेत."

आणि आता ताम्हणात किल्ली पडली होती.

खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला सरतं. बाकी महाराष्ट्राची अक्षय तृतीया ती आमची आखाजी: लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून ती पुजतात, आणि वर्षभर शेतात राबलेला सालदार त्या दिवशी मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरतो, नाहीतर दुसरीकडे जातो. मोनालीच्या माहेरच्या शिवारात याला जोडून एक चाल होती. आखाजीच्या सकाळी सालदार मोटारीच्या पेटीची किल्ली मालकाला परत देई. मालक ती ताम्हणात टाकी. दिवसभर ती तिथेच. मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो उतरवलेला, पेटीला कुलूप, लाइट असो नसो. सालदार नाही तर मोटार नाही.

वीज होती. मोटारी बंद होत्या. कागदावर जो कल्लोळ होता, तो मळ्यात नव्हताच.

हे मोनालीला लहानपणापासून माहीत होतं. झोक्यावर बसून तिने ती टण्ण दरवर्षी ऐकली होती. पण नियम लिहिताना तिच्यापुढे कागद होता, आणि कागदावर आखाजी नव्हती.

तिने बोटांवर दिवस मोजले. एकदा, मग पुन्हा एकदा, भूमिकाची बोटंही उसनी घेऊन. मळ्यातल्या यंत्रातली डिस्क तीस दिवसांची मूळ नोंद ठेवते. एकतिसाव्या दिवसाला जागा नाही. नवं येतं तसं जुनं पुसलं जातं. आज तिसावा दिवस होता. आखाजीचे तीन बारा आज दुपारी तीन बाराला पुसले जाणार होते.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सर, पहूरची नोंद आहे."

"कोरी आहे," प्रेमराज सर म्हणाले.

"आपण कोरी समजलो. मोटारी बंद होत्या त्या दिवशी. आमच्याकडे आखाजीला मोटार लावत नाहीत."

पलीकडे खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. सर वर्गात असावेत. "एवढ्या उन्हाळ्यात? केळीला? सगळ्यांनी बंद ठेवली असेल?"

"बघितल्याशिवाय कळणार नाही."

"नेटवरून काढून घे मग."

"वादळात तिथली नेटची अँटेना मोडली, महिना झाला. आणि नानांना वायर काढायला सांगता येत नाही. मागे सालदार झुलालभाऊंनी काढली तर अख्खी डिस्क गेली होती. मलाच जाऊन लिहिणं थांबवावं लागेल."

"शंभरावर किलोमीटर आहे, मोनाली."

"बस पावणेअकराला आहे, सर."

हितेंद्रला तिने जिना उतरता उतरता फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जा. महिनाभर तुझंही तोंड त्या भोंग्यासारखं वरच आहे. खाली आलं तर बरंच."

"धुणं भिजलंय."

"दुपारी जेवायला येईन तेव्हा धुणं मी पिळीन. वाळत मात्र माझ्या पद्धतीने घालीन, मग बोलायचं नाही."

मोनालीने भूमिकाच्या डोक्याला रुमाल बांधला, पाण्याच्या दोन बाटल्या, लॅपटॉप, आणि मळ्यातल्या यंत्राच्या पेटीची किल्ली घेतली. स्कूटरची किल्ली ताम्हणात तशीच राहू दिली. रिक्षाने त्या स्टँडवर गेल्या.

बस हलल्यावर तिने माहेरी फोन लावला. वडिलांनी, शालिग्रामनानांनी, उचलला.

"नाना, आखाजीला मोटार बंदच होती ना आपली?"

केळीच्या पानांची सळसळ फोनमधून ऐकू येत होती.

"बंदच ठेवतो आपण," ते म्हणाले.

"ठेवतो ते माहीत आहे. यंदा होती का?"

"तू ये तं खरी. मग सांगतो."

नाना असं कधी बोलत नसत. विचारलं की सांगत. चुकलं असेल तर आधी सांगत. मोनालीने फोन ओटीत ठेवला. यंदा उन्हाळा तसाच होता. एप्रिलातच त्रेचाळीस. बाग निसवायला आलेली, म्हणजे केळीचे घड बाहेर पडायच्या बेतात, आणि अशा वेळी एक दिवस पाणी चुकलं तर घड बारीक राहतो. नानांची मोटार सुरू झाली की शिवार नानांकडे बघून सुरू करतं. एका किल्लीने पाच विहिरी सुरू झाल्या असत्या.

पारोळ्याला एक म्हातारी चढली. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि भूमिकाला विचारलं, "कथा चालनी वं बाई, इतला उन्हमा?"

"पहूरला. ताऱ्याची ठिणगी आणायला," भूमिका म्हणाली. "तो मेला आहे."

"कोण मरनं?"

"तारा."

"अरे देवा." म्हातारीने कपाळाला हात लावला. मग मोनालीकडे वळून हळू आवाजात, "कितला वरीसनी व्हती?"

"हजारो," मोनालीच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीने तिच्याकडे एकदा बघितलं, आपली पिशवी आणखी जवळ घेतली आणि एरंडोल येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. भूमिका आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. कांजिण्यांचे डाग तिच्या मानेवर अजून फिके फिके दिसत होते. त्याच कांजिण्यांमुळे त्यांना यंदा आखाजीला जाता आलं नव्हतं. झोका बांधून ठेवला आहे, असं आई व्हिडिओवर तीनदा म्हणाली होती. मोनालीने तेव्हा नीट बघितलंही नव्हतं. लेकीच्या पाठीवर एकेका फोडाला औषध टेकवत ती नुसती हो हो करत होती.

जळगावला उतरायला एक वाजून वीस मिनिटं झाली. पुढची बस गच्च भरलेली. कंडक्टर नाही म्हणत होता, तेवढ्यात भूमिकाने त्याला सांगितलं की तीन वाजता सगळं पुसलं जाणार आहे. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने आपल्या शेजारी बसायला जागा दिली. मोनाली उभी राहिली. नेरीजवळ कापसाच्या एका ट्रकने वाट अडवली, ती बारा मिनिटं तिने एकेक मोजली. पहूरच्या फाट्यावर झुलाल मोटारसायकल घेऊन उभा होता. नानांचा सालदार, सहा आखाज्या झालेला.

"झुलालभाऊ, आखाजीला मोटार लावली होती का?"

"मले काय विचारता ताई," झुलाल गाडीला किक मारत म्हणाला. "त्या दिवशी मी सालदारच नव्हतो."

मळ्यात पोचल्या तेव्हा दोन बावन्न झाले होते. नाना विहिरीजवळच्या खोलीच्या सावलीत उभे होते, टोपी हातात. लताबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या.

"आखाजीले आली नही," त्या म्हणाल्या, "आन आता भर उन्हात लेकराले घेऊन आली. आधी पाणी पी."

"आई, आधी पेटी."

"पेटी काही पळून जात नही."

"आजच जातेय," मोनाली म्हणाली आणि आत शिरली.

कुलूप तापलेलं होतं. ओढणीच्या टोकाने धरावं लागलं. किल्ली पहिल्या फेऱ्यात फिरली नाही, दुसऱ्यात फिरली. आत यंत्र हिरवा दिवा लुकलुकवत निवांत लिहीत बसलं होतं, जणू जगात घाई नावाची वस्तूच नाही. तिने वायर जोडली. लॅपटॉपने ओळख पटवून घ्यायला दोन मिनिटं खाल्ली. तिने हुकूम टाइप केला, बोट घसरलं, पुन्हा केला. पडद्यावर एक ओळ आली: लिहिणं थांबलं.

तीन वाजून चार मिनिटं.

मोनाली जमिनीवरच बसली आणि तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायली. आता पुसलं जाणार नव्हतं. पण जे राहिलं होतं ते काय होतं, हे अजून कळायचं होतं. एकेक तास डिस्कवरून लॅपटॉपवर उतरत होता.

"नाना, आता सांगा."

नानांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मी चाबी मागितली होती," ते म्हणाले. "तीन वाजले असतील. पानं फाटून लोंबाले लागली होती. म्हटलं, एक तास पाणी सोडू, कोण बघतं. गेलो देवघरात."

"मग?"

"मग काय. इले विचार."

लताबाई भूमिकाची मान ओल्या फडक्याने पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी ताम्हण पदराखाली घेतलं आन बसली. उठवून दाखवा म्हटलं."

"एक तास बसली," नाना म्हणाले. "मले चहासुद्धा देल्ला नही."

"काहाले देऊ? पोर आली नही. झोका रिकामा लोंबून र्‍हायला होता. घागरीवरचं डांगर कापाले हात होईना. म्हटलं, एवढी एक चाल तरी राहू द्या घरात. बाग काय, संध्याकाळी वारा आला की उठते." त्यांनी फडकं पिळलं. "उठली ना?"

"उठली," नानांनी कबूल केलं. "पण त्या घडीले तं मले तुझ्या आईचा लई राग आला होता, मोनाली. म्हणून फोनवर सांगवलं नही. बाप चाल मोडाले निघाला होता, हे काय फोनवर सांगायचं?"

मोनाली आईकडे बघत राहिली. तीन वाजता, बरोबर त्या वेळी, ही बाई आपल्या न आलेल्या लेकीचा रुसवा पदराखाली धरून देवघरात बसली होती. वर, शेकडो किलोमीटर उंचीवरून एक उपग्रह, इकडे धुळ्याला एक भोंगा, चाळीसगावला एक, आणि इथे लताबाई.

"आई," ती म्हणाली, "तू उठली असतीस ना..."

"उठली नही ना. मग कशाले बोलतं?"

लॅपटॉपने टिंग केलं.

मोनालीने आधी तुलनेसाठी आखाजीनंतरच्या बुधवारचा तोच तास उघडला. पडदा उभ्या पांढऱ्या रेघांनी भरून गेला. दाट, एकमेकींना चिकटलेल्या, उभ्या विणलेल्या चटईसारख्या. या मोटारींच्या ठिणग्या. जवळची ठिणगी सगळ्या सुरांत एकाच क्षणी येते, म्हणून तिची रेघ उभी. दुरून आलेली तशी येत नाही. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून वाट काढताना तिचे वरचे सूर पुढे निघतात, खालचे मागे रेंगाळतात, आणि रेघ तिरपी होते. किती तिरपी, त्यावर ती किती लांबून आली ते कळतं.

मग तिने आखाजी उघडली.

पडदा काळा होता. साडेनऊला दोन बारीक उभ्या रेघा, कुणाच्या तरी घराचा फ्रिज सुरू झाल्यासारख्या, आणि मग काही नाही. अकरा, बारा, एक, दोन. अख्ख्या शिवाराने श्वास धरून ठेवल्यासारखा तो दिवस पडद्यावरून सरकत होता. मोनालीने बोट कळीवर ठेवलं आणि एकेक मिनिट पुढे नेलं. तीन वाजून दहा. तीन अकरा.

भूमिका तिच्या काखेखालून डोकं घालून बघत होती.

तीन बारा.

"घसरगुंडी," भूमिका म्हणाली.

वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे, आधी तीव्र आणि मग अलगद लांबत गेलेली, एक लख्ख पांढरी वाकडी रेघ. आजूबाजूला पूर्ण काळोख. धुळ्याच्या नोंदीत ती गर्दीतून अर्धी डोकावत होती, चाळीसगावला तुटक होती. इथे ती अशी उतरली होती की कुणी खडूने एका दमात ओढावी.

मोनालीने भूमिकाचं डोकं तिथेच काखेत दाबून धरलं. नाना वाकून बघत होते. "ही?" त्यांनी विचारलं. "एवढीशी?"

"एवढीशीच, नाना."

"आन ही आपल्या मळ्यात आली."

"सगळीकडेच आली. ऐकली मात्र आपल्या मळ्याने."

तिने वेळेचा आकडा काढला, सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या एकेका तुकड्यापर्यंत, आणि तो सरांना फोनवर वाचून दाखवला. सरांनी तो परत म्हणून दाखवला. धुळ्याहून पहूर शंभर किलोमीटर. एवढं अंतर ओलांडायला ठिणगीला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचाही जेमतेम तिसरा भाग लागतो. त्या तिसऱ्या भागात सगळा निकाल होता. सर म्हणाले, फोन चालूच ठेव. मग बराच वेळ नुसता कळफलकाचा टकटकाट ऐकू येत राहिला. लताबाईंनी दरम्यान चूल पेटवली. झुलाल दारात येऊन बसला. कुणी जागचं हलत नव्हतं.

टकटक थांबली.

प्रेमराज सर पंचवीस वर्षं प्रमाण मराठीत शिकवत होते. वर्गात, घरी, रागात, कशातही त्यांची भाषा कधी घसरलेली मोनालीने ऐकली नव्हती. आता त्यांनी घसा साफ केला आणि थेट अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं जुयनं, माय."

"सगळं जुळलं, सर?"

"बठ्ठं. रेघवर रेघ बसनी. ठिपका ताऱ्यावर पडला." मग ते थांबले, आणि त्यांचा आवाज पुन्हा कॉलेजातला झाला, पण पूर्ण नाही. "मी त्यांना पत्र लिहायला घेतो. शक्यता हा शब्द खोडून. नियम कुणी चुकवला आणि नोंद कुणी वाचवली, ते कसं लिहू?"

"नियम मी चुकवला, असं लिहा," मोनाली म्हणाली. "आणि नोंद लताबाई शालिग्राम पाटील यांनी वाचवली."

"मी काय केलं?" चुलीजवळून लताबाई म्हणाल्या. "मी नुसती बसली होती."

"तेच लिहायचंय."

नाना हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि मग त्यांना बसावं लागलं. झुलालही हसला, काय झालं ते न कळताच. लताबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि पुरणाची डाळ शिजायला टाकली. आखाजी महिनाभर मागे पडली होती, पण त्यांच्या मते ती अजून झाली नव्हती.

मोनाली बाहेर आली. खोलीवर भोंगा आभाळाकडे तोंड करून उभा होता, पत्रा उन्हाने पिवळसर पडलेला, कडेला साळुंकीची विष्ठा. हितेंद्रला तिने फोटो पाठवला. भोंग्याचा नाही, पडद्यावरच्या रेघेचा. त्याचं उत्तर लगेच आलं: "धुणं वाळलं. तुझं?" तिने लिहिलं, "कडक."

साडेपाचला, ऊन केळीच्या पानांखाली उतरल्यावर, नानांनी झोका पुन्हा बांधला. विहिरीकाठच्या निंबालाच, त्याच जाड दोराने. गाठ दोनदा ओढून पाहिली, मग स्वतः लोंबून पाहिली, आणि भूमिकाला उचलून बसवलं. मोनालीने मागून हात लावला. झोका पुढे गेला, मागे आला. पाटातलं पाणी वाहत होतं. या आठवड्यात पाळी बदलली होती, थ्री फेज आली तशी झुलालने मोटार सुरू केली होती आणि ती आपली नेहमीसारखी घुरघुरत होती. आज तिचं कुणाला काही वाटत नव्हतं.

"अजून एकदा," भूमिका म्हणाली.

मोनालीने ढकललं.

"अजून एकदा."

पुन्हा ढकललं. पोर उंच जायची, पाय लांब करायची, आणि पानांआडून खोलीवरचा भोंगा तिला दिसायचा. पाच-सहा झोके झाले. मग तिने दोर घट्ट धरून पाय जमिनीला घासले आणि झोका थांबवला. मान पूर्ण मागे टाकून, उलट्या चेहऱ्याने, तिने आईकडे बघितलं.

"आई, तो तारा एवढ्या मोठ्याने बोलला," ती म्हणाली. "मग एकदाच का बोलला?"